ओवीचा दुसरा चष्मा: दुकानाला साडेचार तारे

माझं काम घड्याळदुरुस्तीचं. साताऱ्यात खालच्या रस्त्याला टपरीएवढं दुकान आहे, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतो. त्यामुळं चष्म्याचा स्क्रू म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असा माझा समज होता.

ओवी आमची थोरली, तिसरीत आहे. उंबऱ्याला ठेच लागल्याशिवाय ती घरात येत नाही. फळ्यावरचं न बघता शेजारणीच्या वहीतनं उतरवते म्हणून बाईंनी बोलावून घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं, उजव्याचा नंबर मायनस सव्वादोन निघाला, डाव्याचा पावणेदोन. चिठ्ठी घेतली आणि मी शहाणपणा केला. चष्मा मोबाईलवरून मागवला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण निम्मी चूक माझीच. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर भरायला सांगतात, ते मी तिच्याच कंपासमधल्या पट्टीनं मोजलं. ओवी खिदळत होती, मी ओरडत होतो. 58 मिलिमीटर आलं, तेच भरलं.

चष्मा दिसायला झकास होता, जांभळा. पण पोरीचं नाक बसकं, फ्रेम रुंद. खाली वाकली की चष्मा ओठावर. मग बोटानं वर ढकलायचा, बोट पापडाचं, काच धुरकट. मग काढून फ्रॉकला पुसायचा आणि पुसताना पाडायचा. मी दुकानाच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवलंय: 26 दिवसांत 11 वेळा. बाराव्या वेळी ती स्वतःच त्याच्यावर बसली. उजव्या काडीचा स्क्रू उडाला, तिथं मी एका जुन्या मनगटी घड्याळाचा स्क्रू घातला. आटे जुळत नव्हते, तरी पिळला. वरून ओवीच्या आईचं नेलपॉलिश. दोन दिवसांत काडी हातात आली.

मग मोती चौकाजवळच्या गल्लीतल्या या चष्म्याच्या दुकानात गेलो. नाव लिहू नका असं मालकांनी बजावलंय. शाळा सुटल्यावर आधीच गर्दी आवरत नाही म्हणे. गल्लीत शिरलात की सापडेल, दाराशी पोरांच्या सायकली पडलेल्या असतात.

मालक काका साठीचे असावेत. मोडका चष्मा हातात घेऊन त्यांनी आधी स्क्रूच पाहिला.

“हा कुणाचा उद्योग?”

“माझाच. घड्याळाचा आहे.”

“तरीच. अहो, मी तुमच्या घड्याळात चष्म्याचा स्क्रू घातला तर चालेल का?”

काय बोलणार? नंबरही इथंच काढून द्याल का, म्हणून विचारलं तर त्यांनी साफ नाही म्हटलं. लहान मुलांची नजर जवळचं बघायला जोर लावते, थेंब न घालता मशिनवर बसवलं तर मायनस नंबर जास्त निघू शकतो, त्यामुळं चिठ्ठी डोळ्यांच्या डॉक्टरांचीच हवी. गिऱ्हाईक समोर असताना हे सांगणारा दुकानदार मला आवडला.

त्यांनी ओवीला स्टुलावर बसवलं, आपण तिच्यासमोर बसले. लांब बघ, आता माझ्या या डोळ्याकडं, आता त्या. पट्टी कपाळाला टेकवून तीनदा मोजलं. 54. काचेचा मध्य बाहुलीसमोर यायला हवा, चार मिलिमीटर म्हणजे थोडं नव्हे. मी गप्पच. घड्याळात अर्धा मिलिमीटर चुकला की मी लोकांना सुनावतो.

फ्रेम दिली टीआर-90 नावाच्या नायलॉनची. वजनाला पिसासारखी, वाकवली तर परत सरळ होते. नाकावर दोन सुटी पॅडं नाहीत, खोगिरासारखा एकसंध भाग बसतो. काड्यांना स्प्रिंग, कानामागं चष्मा अडकवून धरणारे सिलिकॉनचे दोन आकडे. खेळाच्या तासाला मागून पट्टा लावायचा, एरवी नाही. एक दोष आहे. ही फ्रेम तापवून मनासारखी वळवता येत नाही, म्हणून मापाचीच निवडावी लागते. पोराला घरी ठेवून नुसती चिठ्ठी घेऊन जाणाऱ्यांना काका परत पाठवतात, ते याचसाठी.

काच पॉलिकार्बोनेटची. साध्या प्लास्टिकच्या काचेपेक्षा हलकी, धक्का सोसते, सहजी फुटत नाही. पण ओरखडे पटकन उठतात, म्हणून वर हार्ड कोटिंग. घड्याळाची ॲक्रिलिकची काच मी पॉलिश लावून घासून देतो, तसं इथं करता येईल का, असं विचारलं. “घासलंत की कोटिंग जाईल आणि काचेचा आकारही बिघडेल. तुम्ही फक्त घड्याळं बघा.” माझी सवयच वाईट, काच तिरपी धरून कडेनं पाहिली, तर अक्षरांना निळी-पिवळी किनार दिसली. हा पॉलिकार्बोनेटचा स्वभावच आहे म्हणाले. ओवीला विचारलं, तिला काही दिसत नाही.

फ्रेम 1,100, काचा 1,400, पट्टा आणि चष्म्याचं घर त्यातच. काचा बाहेरून करून येतात, पाच दिवस लागले. सहा महिन्यांत फ्रेम मोडली तर एकदा बदलून मिळते, ओरखड्यांना हमी नाही. स्वस्त नाही. पण पहिल्या चष्म्याचे 999 मी आता कोणत्या खात्यात लिहू?

खरं काम चष्मा हातात आल्यावर झालं. मला वाटलं पैसे द्यायचे आणि निघायचं. काकांनी ओवीला म्हटलं, काढून दाखव बघू. तिनं एका हातानं, उजव्या काडीला धरून ओढला. “असं नाही बाळ. एका हातानं ओढलास की त्याचा एक पाय फाकतो. दोन्ही हातांनी, सरळ पुढं.” पाच वेळा काढायला-घालायला लावला. मग टेबलावर ठेवायला सांगितला, तिनं काचा खाली करून ठेवला. ते काही बोलले नाहीत, नुसतं तिच्याकडं बघत राहिले. तिनंच उलटा केला. “आणि आता त्याचं घर कुठंय?” चष्मा एक तर नाकावर, नाही तर घरात. डोक्यावर नाही, गादीवर नाही, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात तर नाहीच.

नंतर बेसिनपाशी नेलं. आधी नळाखाली धरायचा, धूळ वाहून गेली पाहिजे, कोरडी पुसली तर तीच पॉलिश पेपरचं काम करते. मग भांड्यांच्या लिक्विडचा थेंब बोटावर घेऊन दोन्ही बाजूंनी हळू चोळायचा, पुन्हा पाणी, झटकायचा, सोबतच्या मऊ फडक्यानं टिपायचा. गरम पाणी नको, कोटिंग तडकतं. हे सगळं ओवीनं स्वतः केलं, मला हात लावू दिला नाही. आता ती रोज सकाळी दात घासून झाले की चष्मा धुते. बेसिनभर पाणी सांडते, ते मी पुसतो.

दोन महिने झाले. वहीत चार नोंदी आहेत. त्यातल्या दोन तिच्या नाहीत, ‘घालून बघू दे ना’ म्हणणाऱ्या मैत्रिणींच्या. एकदा पायरीवरून पडली, गुडघा फुटला, चष्मा नाकावर होता तिथंच. पोरगी अजून उंबऱ्याला ठेचकाळते, पण दर दोन मिनिटांनी नाकाला हात जात नाही, म्हणून चष्मा सारखा पडत नाही. इतके दिवस मी तिलाच वेंधळी म्हणत बसलो होतो.

अर्धा तारा का कापला? दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद, आणि ते कुठं लिहिलेलं नाही. मी दोनदा कुलूप बघून आलो. मुलींच्या फ्रेमा सगळ्या गुलाबी, निळी मागितली तर काउंटरवरची पोरगी “मुलांची दाखवू?” म्हणते. आणि आईबापांना बोलणी खायची तयारी हवी.

काडी सैल झाली तर घट्ट करून देतात, पैसे घेत नाहीत. मी आता घरी स्क्रूड्रायव्हर काढत नाही.

काल ओवी डावा आकडा हरवून आली. वीस रुपयांना नवीन जोडी मिळाली. जुना शाळेत पाण्याच्या टाकीपाशी सापडला तर काकांना परत नेऊन द्यायचाय म्हणे, वीसपैकी दहा मागायला.