दवा बाजारातला हातातला ऑक्सिमीटर: निळ्या बाळाच्या घरासाठी घेताना

बीटी शंट (फुप्फुसांकडे रक्त नेणारी बारीक नळी बसवायची शस्त्रक्रिया) होऊन बाळ घरी आलं, किंवा फॅलोच्या (बाळ निळं पाडणारा जन्मजात हृदयदोष) बाळाला ‘थोडं मोठं होऊ द्या, मग ऑपरेशन’ म्हणून सोडलं, की डिस्चार्जच्या कागदावर खाली एक ओळ असते: घरी सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) बघत जा. ती ओळ घेऊन घरातलं कोणीतरी, बहुधा बाळाचा मामा नाहीतर काका, इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात येतं आणि ऑक्सिमीटर मागतं. पुढे येते ती कोविडच्या काळात घरोघरी गेलेली बोटाची क्लिप. ती घेऊ नका. बाळासाठी ती फुकट मिळाली तरी महाग आहे.

क्लिपच्या एका जबड्यात दोन दिवे असतात: एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, ९४०च्या आसपासचा. समोरच्या जबड्यातला सेन्सर बोटातून पलीकडे आलेला उजेड मोजतो आणि दोन्हींच्या प्रमाणावरून ऑक्सिजनचा टक्का काढतो. ही सगळी मांडणी मोठ्या माणसाच्या बोटाच्या जाडीची. अडीच-तीन किलोच्या बाळाचं बोट त्यात काडीसारखं हलतं, बराचसा उजेड बोटाला वळसा घालून, रक्ताला न शिवताच सेन्सरवर पडतो. आकडा येतो, पण तो बाळाचा असेलच असं नाही. चुकतो तो खालीही आणि वरही, म्हणजे ‘थोडा कमीच दाखवतो, तेवढं धरून चाला’ असा हिशेबही करता येत नाही.

घ्यायचा तो हातात धरायचा ऑक्सिमीटर. मोबाइलपेक्षा जाडजूड, वरच्या कडेला नऊ पिनांचं सॉकेट, पडद्यावर टक्का, नाडी आणि त्याखाली नाडीची लाट, आणि आवाजाचा अलार्म. लाट दाखवत नाही तो मॉडेल बाजूला ठेवा. नुसत्या आकड्यावरून सिग्नल धड आहे की बाळ पाय झाडतंय हे कळत नाही, लाटेवरून एका नजरेत कळतं. परफ्युजन इंडेक्स (नाडीचा सिग्नल किती जोरकस आहे तो आकडा) दाखवत असेल तर उत्तम. तो फारच खाली असेल तर पाय गार आहे, पट्टी आवळली आहे किंवा रक्ताभिसरणच कमी आहे, आणि वरच्या टक्क्यावर भरवसा ठेवायचा नाही.

पण डब्याची, म्हणजे यंत्राची, एवढी चौकशी करून लोक प्रोब (अंगाला लावायचा, दिवे आणि सेन्सर असलेला वायरीचा भाग) मात्र मिळेल तो उचलतात, आणि खरी गोम तिथेच आहे. बहुतेक खोक्यांत मोठ्यांचा क्लिप-प्रोब येतो, नवजाताचा प्रोब वेगळा घ्यावा लागतो. काउंटरवरचं ठरलेलं उत्तर: “लग जाएगा भिया, नौ पिन का ही है.” लागतो, यात खोटं काही नाही. सॉकेटात बसतोच. पण पिनांची संख्या एक असली तरी आतली जोडणी एक नसते. नेलकॉर आणि मासिमो या दोन ऑक्सिमीटर कंपन्या: नेलकॉर पद्धतीच्या प्रोबची वायरिंग वेगळी, मासिमो पद्धतीच्या प्रोबची वेगळी. शिवाय काही प्रोबच्या प्लगात एक बारीक रेझिस्टर किंवा चिप असते, दिव्याची नेमकी तरंगलांबी यंत्राला सांगणारी. जोडी चुकली की नशीब चांगलं असेल तर पडद्यावर ‘प्रोब नाही’ येतं. नशीब वाईट असेल तर आकडा येतो, चुकीच्या हिशेबाचा, आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून डब्याच्या माहितीपुस्तिकेत सुसंगत प्रोबचा जो प्रकार छापलेला असतो तोच मागा, आणि तो दुकानात नसेल तर डबाही घेऊ नका.

नवजाताच्या प्रोबमध्ये दोन जाती. एक चिकटपट्टीचा, एका रुग्णापुरता. धरतो छान, पण डिंक गेला की संपला, आणि बाळाची कातडी नाजूक असेल तर सोलवटते. दुसरा वाय आकाराचा: वायरीला दोन फाटे, एका टोकाला दिवे, दुसऱ्याला सेन्सर, दोन्ही एका मऊ फोमच्या पट्टीत अडकवून पायाभोवती गुंडाळायचे. रोज वापरायला हाच. पट्ट्या झिजतात, दोन जास्तीच्या घेऊन ठेवा. वायर तुटते ती दोनच जागी, प्लगच्या मानेशी आणि वायच्या फाट्याशी. वायर हलवली की आकडा जातो-येतो, हे पहिलं लक्षण. कार्यालयातल्या चार्जरसारखी ती यंत्राभोवती करकचून गुंडाळायची नाही, सैल वेटोळं करून ठेवायची.

पैसे देण्याआधी दुकानातच चार गोष्टी बघा. प्रोब स्वतःच्या करंगळीला गुंडाळा आणि मनगटावरची नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. यंत्राची नाडी त्याच्या आसपास हवी. मग प्रोब काढा: थोड्या सेकंदांत आकडा जाऊन रेघा यायला हव्यात आणि अलार्म वाजायला हवा. मग तोच प्रोब पेनाला गुंडाळा. पेनाचं सॅच्युरेशन ९७ दाखवणारं यंत्र हसून परत करा. शेवटी सेल काढून पुन्हा घाला आणि अलार्मच्या मर्यादा तपासा. हे शेवटचं दुकानदाराला कंटाळवाणं वाटेल, तरी करा. कारण खाली येतंच आहे. खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक हवा, त्यात ‘एमडी’ ही अक्षरं असतात. तो नसेल तर बाकी काही बघायची गरज नाही.

आता लावणं. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, दूध पाजल्यावर किंवा रडल्यावर लगेच नाही. जागा: पायाची बाहेरची कड, करंगळीच्या मागे. दिवे पायाच्या वरच्या अंगाला, सेन्सर तळव्याला, दोन्ही बरोबर समोरासमोर. अर्धा बोटभरही सरकले तर लाट खुरटते. पट्टी इतकीच घट्ट की सरकू नये. आवळली तर शिरांतलं रक्तही ठोक्याबरोबर हलू लागतं आणि आकडा खोटाच खाली येतो, वर कातडीवर वळ. वरून मोजा चढवा. त्याने पाय उबदार राहतो आणि खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड सेन्सरवर पडत नाही. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत पाय बर्फासारखे असतात, आधी तळहातात धरून ऊब द्या. मग लाट सलग एकसारखी अर्धा ते एक मिनिट दिसेपर्यंत आकड्याकडे बघायचंच नाही. सतत लावून ठेवायला सांगितलं असेल तर दर तीन-चार तासांनी पाय बदला. हातावर लावायचा झाला आणि शंट उजव्या बाजूचा असेल, तर उजव्या हाताची नाडी क्षीण असू शकते. पायच बरा.

आपल्या घरांत तीन गोष्टी हमखास आड येतात. पहिली तीट. आजी नजर लागू नये म्हणून तळपायाला काजळाचा ठसठशीत ठिपका लावतात, आणि नेमका सेन्सर तिथेच येतो. काजळ उजेड गिळतं. आजींना दुखवायचं कारण नाही, तीट कानामागे लावा म्हणावं. दुसरी मालिशचं तेल: पट्टी घसरते, फोम तेल पितो. आंघोळीनंतर पाय कोरडा पुसून मगच लावा. तिसरी पायातले वाळे आणि काळा दोरा. ते प्रोबच्या वायरीत अडकतात, आणि बाळाने लाथ झाडली की फाटा तुटतो तो यानेच.

अलार्मचं. कारखान्यातून येताना खालची मर्यादा बहुतेक यंत्रांत ९० किंवा त्याच्या आसपास असते. पण शंटच्या बाळाचं ठरवलेलं सॅच्युरेशनच साधारण ७५ ते ८५. म्हणजे पहिल्या रात्रीपासून यंत्र कोकलत राहतं, तिसऱ्या रात्री कोणीतरी वैतागून आवाज बंद करतं, आणि मग ते पडद्यावरच्या शोभेपुरतं उरतं. हृदयरोगतज्ज्ञांकडून खालची आणि वरची, दोन्ही मर्यादा आकड्यात लिहून घ्या आणि तेवढ्याच भरा. काही मॉडेलांत सेल बदलले की मर्यादा पुन्हा मूळ जागी जातात. दुकानात सेल काढून बघायचं ते यासाठी. असं करणारं मॉडेल घेऊ नका, घेतलंच असेल तर नव्या सेलबरोबर मर्यादा भरायची चिठ्ठी डब्याच्या पाठीवर चिकटवा.

वरची मर्यादा का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. एकच पंप-कप्पा असलेल्या बाळाचा आकडा ९२-९३ वर गेला की घरात पेढे वाटावेसे वाटतात. पण त्याचा अर्थ फुप्फुसांकडे जास्त रक्त चाललंय आणि शरीराच्या वाट्याला कमी येतंय असा असू शकतो. त्याच कारणाने, आकडा खाली दिसला म्हणून घरच्या घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणून लावू नका. ऑक्सिजनने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त तिकडेच ओढलं जातं. डॉक्टरांनी लिहून दिला असेल तेवढाच, तेव्हाच.

अचूकता किती? चांगल्या यंत्राचीही ७० ते १०० या पट्ट्यात दोन-तीन टक्के मागेपुढे. म्हणजे सकाळी ८१ आणि दुपारी ७९ हा बदल नव्हे. ७०च्या खाली कंपन्या अचूकतेचा दावाच करत नाहीत, कारण धडधाकट स्वयंसेवकांचं सॅच्युरेशन त्याहून खाली नेऊन यंत्र पडताळणं धोक्याचं. तेव्हा ६६ की ६२ यावर घरात वाद घालू नका, दोन्हींचा अर्थ एकच: फोन उचला. गडद कातडीवर यंत्र थोडा जास्तीचा आकडा दाखवू शकतं, हेही धरून चाला.

आणि सगळ्यांना हे यंत्र लागत नाही, हे कोणी सांगत नाही. ‘हृदयाला छिद्र’ म्हणजे बहुतेक वेळा व्हीएसडी, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. त्या बाळाचं सॅच्युरेशन ९७-९८ असतं आणि तरी ते खंगत असतं. जन्मानंतर काही आठवड्यांत फुप्फुसांचा दाब उतरतो, छिद्रातून तिकडे रक्ताचा लोंढा वाढतो, बाळ दूध ओढताना दमतं, कपाळाला घाम येतो, अर्धा तास झाला तरी पाजणं संपत नाही, झोपेतही श्वास मिनिटाला साठच्या वर. ऑक्सिमीटर यातलं काहीच पकडत नाही. अशा बाळाच्या घरी पैसे वजनकाट्यावर घाला: सपाट, तराजूच्या थाळीचा, ५ किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. शंभर-शंभर ग्रॅमने उडी मारणारा स्प्रिंगचा काटा इथे कुचकामी, कारण बाळाची रोजची अपेक्षित वाढच २० ते ३० ग्रॅम.

शंटच्या बाळाला दोन्ही लागतात. अमेरिकेत मिलवॉकीच्या बालरुग्णालयाने २००० सालापासून अशा बाळांच्या आईबापांना ऑक्सिमीटर आणि वजनकाटा देऊन घरी पाठवायला सुरुवात केली, आणि फोन करायच्या खुणा ठरवून दिल्या: सॅच्युरेशन ७०च्या खाली, वजन ३० ग्रॅमने घटलं, किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढलं नाही. तुमच्या बाळाचे आकडे तुमच्याच डॉक्टरांचे, पण वहीचा आराखडा हाच ठेवा: तारीख, वेळ, टक्का, नाडी, बाळ झोपेत की जागं, वजन, दिवसभराचं दूध मिलिलिटरमध्ये. वजन रोज एकाच वेळी, दूध पाजण्याआधी, उघड्या अंगाने. शंटच्या बाळाला जुलाब-उलट्या लागल्या तर आकडा चांगला असला तरी थांबू नका. अंगातलं पाणी कमी झालं की शंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि मेच्या उन्हाळ्यात हे झपाट्याने घडतं.

फॅलोच्या बाळाला निळा झटका आला, म्हणजे ते अचानक गडद निळं पडलं, तर आधी गुडघे छातीशी दुमडून उराशी धरायचं, शांत करायचं, आणि निघायचं. प्रोब लावत बसायचं नाही. राखाडी पडलेलं, लिबलिबीत बाळ हा आकड्याचा विषय नाही.

पायमोज्यासारखे, मोबाइलला जोडायचे ऑक्सिमीटर कोणी परदेशातून पाठवतं. त्यातल्या आऊलेट कंपनीच्या ‘ड्रीम सॉक’ मोज्याला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२३मध्ये मान्यता दिली ती १ ते १८ महिन्यांच्या निरोगी बाळांसाठी. हृदयदोषाच्या नवजातासाठी ते यंत्र बनलेलंच नाही.

तारे द्यायचेच तर: क्लिपला एकही नाही, हातातल्या डब्याला पाचपैकी तीन, त्याच्याच जातीच्या वाय प्रोबसकट साडेचार. अर्धा कापला तो पाय हलताना उठणाऱ्या खोट्या अलार्मसाठी. बिलावर नुसतं ‘ऑक्सिमीटर १ नग’ लिहू देऊ नका. डब्याचा मॉडेल क्रमांक आणि प्रोबचा प्रकार वेगवेगळ्या ओळींत घ्या, प्रोबची वॉरंटी किती महिन्यांची तेही तिथेच लिहून घ्या. डब्याची वर्षभराची असली तरी प्रोबची बहुधा तेवढी नसते, आणि आधी जाणार तो प्रोबच.