गुन्हा केलेल्यांसोबत काम करणाऱ्यांसाठीचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम: माझा अनुभव

शिक्षा भोगून सुटलेल्या तरुणांचं समुपदेशन मी अकरा वर्षं करते आहे. व्यावसायिक हस्तक्षेपाच्या पद्धती आणि नीतिमत्ता शिकवणाऱ्या या अभ्यासक्रमात नवं काही हाती लागेल असं खरंच वाटलं नव्हतं. तिसऱ्याच सत्रात माझी इतक्या वर्षांची एक सवय उघडी पडली.

सराव चालू होता. समोरची प्रशिक्षणार्थी एकोणीस वर्षांच्या मुलाची भूमिका करत होती. तिने विचारलं, "ताई, मी सांगितलेलं कोर्टात जाणार नाही ना?" मी पटकन म्हणाले, "नाही रे, आपल्या दोघांतच राहील." प्रशिक्षकांनी तिथेच थांबवलं. "तुमचा अहवाल कोणाकडे जातो?" कोर्टाकडे. "मग हा शब्द कोणाच्या भरवशावर दिलात?" मी गप्प.

मदत करणारी मीच आणि देखरेखीचा अहवाल लिहिणारीही मीच, हे त्या मुलाला त्याने तोंड उघडायच्या आधी कळायला हवं. कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाला इजा होत असेल, तर मला कळवावंच लागेल. हजेरी चुकली तर तीही लिहावी लागेल. बाकी जे लिहीन ते तुला वाचून दाखवीन. एवढं सांगायला आम्हाला सहा वेळा मजकूर लिहायला लावला. "गोपनीयतेच्या मर्यादा" असे जड शब्द आले की प्रशिक्षक ते खोडायचे. पूर्ण अभ्यासक्रमातला हा सर्वांत मोलाचा तास.

पाचव्या सत्राने झोप उडवली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्प सुरू झाला. ५०६ मुलगे, एकसारख्या मुलांच्या जोड्या लावून केलेले दोन गट. एका गटाला समुपदेशक, शिकवणी, शिबिरं, सगळं सरासरी पाचेक वर्षं मिळालं. संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी त्यांचा पुढे माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष छापले: मोठे झालेले बरेच जण मदतीबद्दल भरभरून बोलत होते, पण मदत मिळालेल्या गटाची अवस्था कित्येक बाबतींत दुसऱ्यापेक्षा वाईट होती. "माझी मुलं मला मानतात" यावर मी आजवर निर्धास्त होते.

अँड्र्यूज, बोंटा आणि होग या संशोधकांनी १९९० साली मांडलेली जोखीम, गरज आणि प्रतिसादक्षमतेची चौकट नीट शिकवली: पुन्हा गुन्हा घडण्याची जोखीम जितकी जास्त तितकी मदत जास्त, ती गुन्ह्यामागच्या कारणांवर, आणि त्या माणसाला झेपेल अशा पद्धतीने. कमी जोखमीच्या माणसाला कडक कार्यक्रमात कोंबलं की त्याची नोकरी सुटते, घरच्यांशी संबंध तुटतो आणि नको ती संगत लागते, हे उदाहरणांसकट पटलं.

जोखीम मूल्यमापनाचा भाग मात्र कच्चा आहे. दोन तास फॉर्म भरून गुणांची बेरीज करायची, एवढंच. फॉर्ममध्ये "आधीच्या अटकांची संख्या" असा रकाना होता. मी विचारलं, ज्या वस्तीत पोलिसांची गस्त जास्त तिथे अटकाही जास्त, मग हे गुण मुलाचे की गस्तीचे? "पुढच्या सत्रात बघू," असं उत्तर आलं आणि ते पुढचं सत्र काही आलं नाही. ज्या आकड्यावर एखाद्याची मोकळीक ठरू शकते त्याबद्दल इतकी घाई मला मान्य नाही. गुन्ह्याची झळ सोसलेल्यांसाठी जेमतेम अर्धा तास ठेवलाय. अभ्यासक्रमानंतर दरमहा केसचर्चा होईल असं कबूल केलं होतं, ती एकदाच झाली. मला सर्वांत जास्त गरज तिचीच होती.

तरीही वर्षभर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी हा जरूर करावा, आणि स्वतःचे जुने अहवाल, नावं झाकून, जवळ ठेवून बसावं. मी आता अहवाल पाठवण्याआधी वाचून दाखवते. मागच्या आठवड्यात "सहकार्य करत नाही" या वाक्यावर एका मुलाने मला थांबवलं. ज्या दोन दिवशी तो भेटीला आला नव्हता, त्या दोन्ही दिवशी तो रात्रपाळी करून झोपला होता आणि तसा निरोप त्याने ऑफिसात ठेवला होता. वहीत बघितलं, निरोप होता. ते वाक्य मी त्याच्यासमोरच काढलं.