गुलाबासाठी बायपास कटर (पाती एकमेकांना घासून जाणारी छाटणीची कात्री) घेतला, बरंच झालं

आधी स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापायचे तर देठ चेचला जायचा आणि काळा पडून खाली वाळत यायचा, या कटरने एकदम स्वच्छ काप बसतो. माझ्या ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाची सुकलेली फुलं तशीच राहायची, मग बोंडं (बियांची फळं) धरायची आणि झाडाची ताकद बियांत जायची. आता पाकळ्या गळायला लागल्या की खाली पाच छोट्या पानांचं संयुक्त पान बघते आणि बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या कोंबाच्या) जरा वर तिरका कट मारते. थोड्याच दिवसांत लालसर फुटवा, साधारण दीड महिन्यात परत फूल, इतकं बरं वाटतं ना! कटरचं लॉक मात्र अंगठ्याला फार कडक लागतं, आईला तर उघडतच नाही.