एअरबॅग बदलून घेताना : जळगावातील एका वर्कशॉपचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात पाळधीच्या अलीकडे, दिवा किंवा रिफ्लेक्टर न लावता रात्री रस्त्यावर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माझी गाडी आदळली आणि समोरच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या. सीटबेल्ट लावलेला असल्यामुळे मनगटावर भाजल्यासारखे ओरखडे आणि दोन दिवस कानाला बसलेले दडे, एवढ्यावर निभावले.

आधी ज्या गॅरेजला गाडी दाखवली, त्यांनी निम्म्या खर्चात डॅशबोर्ड पूर्ववत करून देण्याची आणि ‘एअरबॅगच्या बिघाडाचा दिवाही लागणार नाही’ अशी हमी दिली. त्या हमीचा अर्थ महामार्गालगतच्या या दुसऱ्या वर्कशॉपच्या फोरमनने समजावला. एअरबॅगच्या जागी नुसते झाकण बसवून वायरमध्ये रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा भाग) जोडला, की एअरबॅग जागेवर असल्याचा गाडीतील संगणकाचा समज होतो; फसवणूक उघड होते ती पुढच्या धडकेत. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे, आणि तो मुळीच लागत नसेल तर तीही खोटच समजावी, असे त्यांनी बजावले. अर्थात रेझिस्टर लावलेला असला तर दिवा अगदी शहाण्यासारखा वागतो, म्हणून सुट्या भागांचे बिल आणि त्यावरील क्रमांक पाहणे आवश्यक ठरते.

येथे दोन्ही एअरबॅगसोबत कंट्रोल युनिट (एअरबॅग उघडण्याचा आदेश देणारा तो संगणक) आणि झटक्यासरशी ताणले गेलेले पुढचे सीटबेल्टही बदलले. बॅटरीची वायर काढल्यानंतर मिस्त्री काही मिनिटे स्वस्थ बसून राहिला, तेव्हा मला ती टंगळमंगळ वाटली. प्रत्यक्षात कंट्रोल युनिटमधील कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टनातील वायरींना हात लावायचा नसतो. हे ऐकून मला ती रात्र आठवली. माझ्या गाडीतील बाजूच्या पडदा-एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) न उघडता तशाच राहिल्या होत्या, इग्निशन चालू होते आणि मदतीला धावलेले गावकरी दाराच्या फटीत पहार घालत होते. त्या एअरबॅगचे दाबाखालील वायूचे सिलिंडर छताच्या कडेला किंवा पिलरमध्ये, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबात असतात. तेथे कापणे अथवा ठोकणे मदत करणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकते. अग्निशमन दलांच्या प्रशिक्षणात न उघडलेल्या एअरबॅगपासून बाजूला ५, चालकासमोर १० आणि शेजारच्या आसनासमोर २० इंच अंतर राखण्यास शिकवतात. आपल्याकडे सर्वांत आधी पोहोचतो तो शेतातला माणूस, त्याला हे कोण सांगणार?

धाकट्या भावाची जुनी गाडीही त्यांनी चेसिस क्रमांकावरून रिकॉलसाठी (सदोष भागामुळे कंपनीने गाडी परत बोलावली आहे का, यासाठी) तपासून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधील (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातील) अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमटपणाने बिघडून धातूचे तुकडे प्रवाशांवर उडाल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. आपला मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा लक्षात घेता ही तपासणी टाळू नये.

उणिवाही आहेत. सुट्या भागांसाठी तीन आठवडे थांबावे लागले आणि त्याची पूर्वकल्पना कोणी दिली नाही. त्याहून खटकले ते असे, की गाडी ताब्यात घेताना याच वर्कशॉपच्या ॲक्सेसरी काउंटरवर बाजूला शिवण नसलेले जाड सीट कव्हर मला आग्रहाने दाखवले गेले. आसनातील एअरबॅग त्यातून बाहेर कशी येणार, असे विचारताच तिथल्या मुलाने फोरमनला हाक मारली, आणि फोरमनने ते कव्हर मुकाट्याने घडी घालून परत ठेवले.