‘पास्ड अवे’ला मराठीत काय लिहाल? म्हापशातल्या एका दुकानाचं काम तपासून

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजाराच्या कडेला असलेल्या या डीटीपीच्या (संगणकावर मजकूर जुळवून देणाऱ्या) दुकानात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, फलक असं सगळंच होतं. पण त्याची खरी ओळख निधनवार्तेची. घरात कुणी गेलं की लोक फोटो आणि हातानं लिहिलेला कागद घेऊन इथं येतात, आणि इंग्रजी, मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी असे चारही मजकूर एकाच टेबलावर तयार होतात. प्रूफ साधारण दोन तासांत हातात पडतं. काउंटरवर एक जाड वही आहे. तिच्यात डाव्या रकान्यात इंग्रजी शब्दप्रयोग आणि उजव्यात त्यांचं मराठी आहे. मागितली तर झेरॉक्स देतात. या परीक्षणात दुकान जेवढं आहे, तेवढीच ती वहीही आहे, कारण मजकुरातल्या चुका तिथूनच उतरतात.

इंग्रजी मजकुरात दुकानाचा हात धरणारा कुणी नाही. गोव्यातल्या इंग्रजी निधनवार्तेची एक ठरलेली चौकट आहे: अमुकचे पती, तमुकचे वडील आणि सासरे, ‘लेट’ अमुकचे बंधू, अंत्ययात्रा किती वाजता घरून निघेल, मीस (चर्चमधला प्रार्थनाविधी) कुठल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, आणि शेवटी ‘काइंडली अ‍ॅक्सेप्ट धिस अ‍ॅज द ओन्ली इंटिमेशन’. नात्यांचा क्रम, आधीच वारलेल्यांच्या नावाआधी ‘लेट’, परदेशात असलेल्या मुलांच्या नावापुढे गाव, हे सारं इथं न सांगता बिनचूक होतं. इंग्रजी मजकुरासाठी कॅथलिक कुटुंबांनी इथं बिनधास्त यावं.

अडचण सुरू होते ती हाच मजकूर मराठीत आणताना. ‘सर्व्हाइव्ह्ड बाय’समोर वहीत ‘मागे वाचलेले’ असं लिहिलंय. मराठीत वाचतो तो अपघातातून. इथं हवं ते ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. ‘ओन्ली इंटिमेशन’समोर ‘हेच निमंत्रण समजावे’. हे वाक्य सरळ लग्नपत्रिकेच्या फाइलमधून आलेलं आहे आणि निधनवार्तेत ते वाचणाऱ्याच्या काळजाला टोचतं. ‘सर्वांना व्यक्तिशः कळवणे शक्य झाले नाही, हीच सूचना समजावी’ एवढं पुरतं.

‘फॉर्टिफाइड बाय द राइट्स ऑफ होली मदर चर्च’चं उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. वहीत त्यासमोर ‘धर्मविधींनी मजबूत झालेले’ लिहिलंय. मूळ अर्थ असा, की मरणापूर्वी त्या माणसाला पाद्रीकडून अखेरचे संस्कार मिळाले: पापनिवेदन, तेलाचा अभ्यंग आणि शेवटचं कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद). या शेवटच्या कम्युनियनला लॅटिनमध्ये ‘व्हियाटिकम’ म्हणतात. त्याचा अर्थ वाटखर्ची, प्रवासाची शिदोरी. म्हणजे ‘फॉर्टिफाइड’मध्ये किल्ल्याची तटबंदी नाही, वाटेला लागणाऱ्याला दिलेलं बळ आहे. मराठीत ‘अखेरचे धर्मसंस्कार स्वीकारून’ लिहिलं की ख्रिस्ती वाचकाला नेमकं कळतं आणि हिंदू शेजाऱ्यालाही अडखळायला होत नाही.

‘मंथ्स माइंड मास’चंही तसंच. यातलं ‘माइंड’ म्हणजे मन नव्हे. जुन्या इंग्रजीत या शब्दाला स्मरण असा अर्थ होता, तो या प्रयोगात टिकून राहिला. निधनाला महिना होताना म्हटलं जाणारं ते स्मरणाचं मीस. कोंकणीत ‘म्हयन्याचें मीस’ इतकं सोपं आहे. मराठीत ‘मासिक स्मरणार्थ मीस’ लिहावं. दुकानातल्या कोंकणी मजकुरात हे बरोबर असतं, मराठीत मात्र ‘मनोमास’सारखं काहीतरी उमटतं. दोन्ही मजकूर एकाच टेबलावर तयार होत असताना ही चूक टिकून राहावी, याचं वाईट वाटतं.

‘लेफ्ट फॉर हेवनली अबोड’ इथं फार मागतात. हा प्रयोग भारतीय इंग्रजीतला आहे. स्वर्गवास, वैकुंठवास यांचंच ते इंग्रजी. म्हणून त्याचं पुन्हा मराठी करताना ‘स्वर्गीय निवासस्थानाकडे रवाना’ लिहिणं म्हणजे आपलाच शब्द उसन्या कपड्यात परत आणणं. ‘एक्स्पायर्ड’चीही हीच कथा. आपल्याकडे इस्पितळाच्या कागदावर आणि बोलण्यात तो सर्रास चालतो, पण स्विंडनला राहणाऱ्या नातवाच्या इंग्रज शेजाऱ्याला पासपोर्टची मुदत संपल्यासारखं वाटेल. नोटीस परदेशी जाणार असेल तर ‘डाइड’ किंवा ‘पास्ड अवे’ सांगा. ‘डाइड’ला कुणी घाबरू नये. इंग्रजी वृत्तपत्रांच्या शैलीपुस्तिका बातमीत हाच शब्द वापरायला सांगतात.

इथंच दोन भाषांतला खरा फरक आहे आणि तो वहीत कुठेच नोंदलेला नाही. इंग्रजीत आदर आणि हळुवारपणा वाक्प्रचारातून येतो. मराठीत तो क्रियापदातून, अनेकवचनातून आणि माणसाच्या धर्मपंथातून येतो. मराठी दैनिक उघडा: ‘अपघातात दोघांचा मृत्यू’, पण ‘ज्येष्ठ शिक्षक अमुक यांचे निधन’. दोन्हीकडे इंग्रजीत ‘डाइड’च असेल. ‘मृत्यू’ नोंदीचा शब्द, ‘निधन’ मानाचा, ‘वारले’ आणि ‘गेले’ घरातले, ‘देवाज्ञा झाली’ पिकलेल्या वयाला शोभणारा. ‘मेले’ हे माणसाबद्दल छापायचंच नाही. दिवा विझला म्हणायचं टाळून आपण शांत झाला म्हणतो, बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो. त्या भाषेत इंग्रजी वाक्प्रचार शब्दाशब्दानं आणायची गरजच पडत नाही.

यावरून मराठी मजकुरातली सर्वांत मोठी चूक: ‘कै. अमुक यांचे निधन झाले’. कैलासवासी झालेल्या माणसाचं पुन्हा निधन कसं होईल? निधनवार्तेत श्री. किंवा श्रीमती, ‘कै.’ येतं ते पुढच्या पत्रव्यवहारात आणि पुण्यस्मरणाच्या कार्डावर. शिवाय ‘कै.’ सर्वांना लागत नाही. वारकऱ्यासाठी ‘वै.’ (वैकुंठवासी), ख्रिस्ती माणसासाठी ‘ख्रिस्तवासी’, बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’, मुस्लिम घरांत बहुधा ‘मरहूम’. सर्वांना चालेल असा शब्द ‘दिवंगत’. दुकानातला साचा मात्र सरसकट ‘कै.’ टाकतो. त्यांना सांगितलं की लगेच बदलतात, पण सांगावं लागतं. विधवेच्या नावाआधी ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) आपोआप पडतं तेही बघा. अनेक घरांना आता ते नको असतं, आणि विचारल्याशिवाय ते छापू नये असं माझं ठाम मत आहे.

‘रेस्ट इन पीस’समोर ‘मृतात्म्यास शांती लाभो’ आहे. आत्मा मृत होत नाही, हे आपल्याकडे गीता ऐकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ‘त्यांच्या आत्म्यास सद्गती लाभो’ लिहावं. आर. आय. पी. ही अक्षरं लॅटिन ‘रेक्विएस्कात इन पाचे’ची, इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं योगायोगानं तीच निघतात.

‘अनटाइमली डिमाइज’ म्हणजे अकाली निधन. तेव्हा ९० वर्षांच्या आजोबांसाठी ते नको. तिथं ‘वृद्धापकाळाने निधन’ हा मराठी प्रघातच योग्य. ‘डिमाइज’ हा मुळात कायद्यातला शब्द. जमीन किंवा हक्क दुसऱ्याकडे जाणं हा त्याचा अर्थ, आणि राजा मेल्यावर मुकुट वारसाकडे जातो त्यालाही इंग्रज ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणत. म्हणूनच तो आजही कागदी आणि थोडा कोरडा वाटतो.

वहीची शेवटची चार पानं वाक्प्रचारांची आहेत. शाळेतली मुलंही त्यांची झेरॉक्स नेतात, त्यामुळे ती जास्त काळजीनं करायला हवी होती. ‘किक द बकेट’, ‘पुशिंग अप डेझीज’, ‘गिव्ह अप द घोस्ट’, ‘बाय द फार्म’ या सगळ्यांसमोर एकच अर्थ: ‘निधन होणे’. कुठला शब्द कुठं चालतो हे न सांगता दिलेली अशी यादी धोक्याची आहे. ‘किक द बकेट’ची मराठी जोडी ‘निधन’ नसून ‘गचकणे’ किंवा ‘खपणे’ ही आहे. शोकसंदेशात लिहिला तर तो अपमानच. हा प्रयोग फ्रान्सिस ग्रोस या इंग्रज कोशकाराच्या १७८५ च्या बोलभाषेच्या कोशात ‘मरणे’ या अर्थानं नोंदला आहे. त्यातली बकेट बहुधा पाण्याची बादली नव्हेच. इंग्लंडच्या पूर्व भागात मारलेलं डुक्कर मागच्या पायांनी ज्या आडव्या लाकडाला टांगत त्याला ‘बकेट’ म्हणत, आणि तडफडताना त्याचे पाय त्यावर आपटत, हा अर्थ जास्त पटणारा आहे. वहीत बादलीचं चित्र काढलंय, ते काढून टाकावं.

‘गिव्ह अप द घोस्ट’मध्ये घोस्ट म्हणजे भूत नव्हे, प्राण. १६११ च्या इंग्रजी बायबलात अब्राहमाच्या मरणासाठी हाच प्रयोग आहे. मराठी बायबलात वाचायला मिळणारं ‘प्राण सोडला’ हे त्याचं तंतोतंत मराठी. पण आजच्या इंग्रजीत तो बंद पडलेल्या मिक्सरसाठी आणि गाडीसाठी वापरतात, म्हणून माणसाबद्दल लिहू नये. ‘पुशिंग अप डेझीज’ पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या तोंडी रुळला, ‘बाय द फार्म’ अमेरिकी वैमानिकांच्या. दोन्ही समजून घ्यायचे, लिहायचे नाहीत. ‘सिक्स फीट अंडर’बद्दल वहीत काहीच नाही. १६६५ च्या लंडनच्या प्लेगमध्ये कबर किमान सहा फूट खोल असावी असा आदेश निघाला होता, एवढं लिहिलं असतं तरी मुलांच्या लक्षात राहिलं असतं.

‘डेव्ही जोन्स्स लॉकर’ गोव्यात वेगळा विचार मागतो. समुद्राचा तळ, बुडालेल्या खलाशांची जागा, असा तो अठराव्या शतकापासूनचा खलाशी प्रयोग. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, माणसांच्या घरात असा मजकूर लिहायची वेळ येते तेव्हा तो कुठल्याही भाषेत नको. ‘समुद्रात निधन’ हेही देह मिळाला असेल आणि कागदपत्रं झाली असतील तरच. नाही तर ‘बेपत्ता’ हाच शब्द ठेवावा. सात वर्षं काहीच खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो. त्याआधी घाईनं छापलेलं ‘निधन’ कुटुंबाला दुखावतंच, पुढच्या कागदपत्रांतही गोंधळ करतं.

कोंकणीबद्दल एकच सूचना. कोंकणीतला ‘अंतरलो’ म्हणजे वारला. मराठीत ‘पतीला अंतरली’ म्हणजे पती गमावला, म्हणजे गेला तो दुसरा. कोंकणी मजकुरावरून मराठी करताना ‘श्रीमती अमुक अंतरल्या’ असं राहून गेलं तर मराठी वाचकाला अर्धवट वाक्य वाटतं. हे प्रूफमध्ये एकदा तरी सापडतंच.

आता देण्याघेण्याचं. फोटो ३०० डीपीआयचा न्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबला जाऊन छपाईत चेहरा डागाळतो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर टिकते. वृत्तपत्रासाठी मृत्यूचा दाखला किंवा डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि जाहिरात देणाऱ्याचं ओळखपत्र सोबत ठेवा, बहुतेक ठिकाणी मागतात. जागेचा दर चौरस सेंटीमीटरवर असतो, त्यामुळे इंग्रजी मजकुराइतक्याच जागेत मराठी बसवायचं झालं तर नात्यांची यादी आधी आवरा, मात्रा आणि जोडाक्षरं आवळू देऊ नका.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना इथं दोन गोष्टी बिघडतात. ‘दुःख’मधल्या विसर्गाच्या जागी साधा कोलन पडतो, आणि ‘वर्षश्राद्ध’, ‘कार्य’ यांतला रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. पडद्यावर ते पटकन लक्षात येत नाही. छापील कागदावरच तपासा, आणि वृत्तपत्राला पाठवायची पीडीएफ फाँट ‘कर्व्ह’ करूनच (अक्षरांचं रेषाचित्र करून) मागा.

हिंदू घरांसाठी आणखी एक. इंग्रजी मजकुरात तारीख पुरते. मराठीत तिथी हवी, कारण वर्षश्राद्ध तिथीवर होतं. वहीच्या साच्यात तिथीची जागाच नाही. रात्री बारानंतर गेलेल्या माणसाच्या बाबतीत तारीख बदललेली असते, पण आपला वार सूर्योदयाला बदलतो. अशा वेळी ‘शनिवारी’ एवढंच न लिहिता ‘शनिवार, पहाटे २ वाजता’ असं लिहून घ्यावं, आणि तिथी घरच्या भटजींकडून विचारून कागदावर आधीच टिपून न्यावी. दुकानात पंचांग आहे, पण गर्दीच्या वेळी ते उघडायला कुणाला सवड नसते.