रडर पेडलं: नऊ महिने वापरल्यानंतर

संगणकावरच्या विमान सिम्युलेटरमध्ये जॉयस्टिकची मूठ पिळून विमानाचा रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं उभं हलतं पातं, फिरवायची मला तीन वर्षांची सवय. त्यातही ऑटो-रडर कायम चालू, म्हणजे पायांचं काम संगणक परस्पर उरकून टाकायचा आणि मला त्याचा पत्ताही नसायचा. दिवाळीत बोनस झाला तेव्हा रडर पेडलं घेतली, पंधरा हजारांच्या आतबाहेर. त्याला आता नऊ महिने झाले. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत, आठवड्यातून चार-पाच रात्री, तासभर तरी मी ती वापरते. कंपनीचं नाव लिहीत नाही.

पहिल्या रात्री पेडलं जोडली, ऑटो-रडर बंद केला, सेसना १७२ हे छोटं एका पंख्याचं विमान पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या रनवे २८ वर उभं केलं आणि पूर्ण थ्रॉटल दिला. इंजिन घरघरतंय, आरपीएम चढलेत, आणि विमान जागचं ढिम्म हलत नाही. अर्धा तास मी थ्रॉटलच्या सेटिंगमध्ये शोधाशोध केली. दोष निघाला ब्रेकमध्ये. या पेडलांना तीन ॲक्सिस, म्हणजे संगणकाला वेगवेगळ्या कळणाऱ्या तीन हालचाली, असतात: एक रडरचा आणि दोन्ही चवड्यांखालच्या ब्रेकचे दोन. ब्रेकचे दोन्ही ॲक्सिस उलटे लागले होते, त्यामुळे पाय काढला की ब्रेक गच्च आणि दाबला की मोकळा. सेटिंगमध्ये दोन्हींपुढे ‘रिव्हर्स’वर टिक केली आणि विमान सुटलं. नवीन पेडलं घेणाऱ्याने सगळ्यात आधी हे तपासा.

सुटलं ते थेट डावीकडच्या गवतात गेलं. पुढचे आठ दिवस तेच. सेसनाचा पंखा आत बसलेल्या माणसाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतो. त्याने मागे फेकलेली हवा मळसूत्रासारखी विमानाला वेढे घेत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डाव्या अंगाने आदळते. शेपूट उजवीकडे, म्हणून नाक डावीकडे. वर चढताना नाक उचललेलं असतं, तेव्हा पंख्याचं उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढतं, म्हणजे नाक पुन्हा डावीकडेच. हे सगळं वाचून मला पाठ होतं. तरी उजवा पाय दर वेळी उशिरा पडायचा, मग जास्त पडायचा, मग डाव्याने सावरायला जायचं, आणि विमान रनवेभर नागमोडी.

माझ्या आईने पंचवीस वर्षं पायमशीनवर ब्लाउज शिवले. एका रात्री ती मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, “अगं, इतकं जवळ काय बघतेस? सुईपाशी नजर ठेवली की शिवण वाकडीच जाते. कापड पुढे कुठे चाललंय तिकडे बघ, पाय आपले आपण येतात.” मी खरंच विमानाच्या नाकासमोरचा डांबराचा तुकडा बघत होते. नजर उचलून रनवेच्या पार दुसऱ्या टोकाला लावली. त्या टोकाचा मध्य पडद्यावर बोटभर डावीकडे-उजवीकडे सरकला तरी लगेच दिसतो, आणि ते ध्यानात यायच्या आत पाय हललेला असतो. त्या रात्री पहिल्यांदा ५५ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पांढरी रेघ विमानाच्या पोटाखाली राहिली आणि मी विमान सरळ उचललं. नंतर कळलं की शिकाऊ वैमानिकांनाही हेच सांगतात.

आता फरशीबद्दल, कारण आपल्याकडच्या घरात ही अडचण येणारच. पेडलांच्या तळाला रबर असतं, पण गुळगुळीत टाइल्सवर ते टिकत नाही. जोरात ब्रेक मारला की पेडलं पुढे पळतात आणि चाकांची खुर्ची मागे. खाली सतरंजी घालून पाहिली, दोरीने टेबलाच्या पायाला बांधून पाहिली. शेवटी सुताराकडून प्लायवूडची फळी आणली, पेडलं तिला स्क्रूने बसवली आणि बिनचाकांच्या लाकडी खुर्चीचे पुढचे पाय त्याच फळीवर ठेवले. आता माझ्याच वजनाने सगळं जागच्या जागी राहतं. फळीचा खर्च किरकोळ, फरक प्रचंड. शिवाय अनवाणी किंवा पातळ मोजे घालून बसा. टाचा खाली टेकलेल्या हव्यात, ब्रेक लावायचा तेव्हाच पाय वर सरकवायचा. सुरुवातीला माझे चवडे नकळत ब्रेकवर पडलेले असायचे आणि टेकऑफला वेग ४० नॉटच्या पुढे जाता जात नसे.

सेटिंगमध्ये मी एक चूक महिनाभर केली. विमान हुळहुळं वागतंय म्हणून डेड झोन, म्हणजे मध्यावरचा पाय हलला तरी न मोजला जाणारा भाग, वाढवत गेले. पण डेड झोन मोठा असला की पाय हलूनही काही होत नाही, आपण आणखी दाबतो आणि मग एकदम भसकन नाक वळतं. हवं होतं ते उलट: डेड झोन जवळजवळ शून्य आणि मधल्या भागात संवेदनशीलता कमी, म्हणजे वक्र मध्यावर सपाट आणि टोकांना उभा. माझ्या पेडलांना मध्यावर एक खाच जाणवते, ती मात्र कुठल्याच सेटिंगने जात नाही. हलका दाब द्यायला गेलं की आधी ती खाच ओलांडावी लागते. खऱ्या विमानात वेग वाढेल तशी पेडलं जड होत जातात, इथे स्प्रिंग ६० नॉटलाही तेवढीच आणि १२० लाही तेवढीच. या दोन गोष्टींची खंत मला अजून आहे.

हवेत गेल्यावर पेडलांचं काम संपतं असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. डावीकडे वळायला विमान कलंडवलं की उजव्या पंखाची मागची फळी खाली जाते. तो पंख वर उचलला जातो, पण हवेत अडतोही जास्त, आणि नाक क्षणभर उजवीकडे, उलट्या दिशेला ओढलं जातं. राइट बंधूंनी १९०२ च्या ग्लायडरवर आधी स्थिर असलेली शेपूट हलती केली ती याच त्रासापायी. समोरच्या यंत्रात नळीतला काळा गोळा ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचा पाय दाबायचा, की गोळा मध्यावर येतो. मूठ पिळून हे कधी जमलं नव्हतं, कारण एकाच मनगटाला कलंडवणं आणि पिळणं ही दोन्ही कामं करावी लागायची आणि एक करताना दुसरं बिघडायचं. आता हात आणि पाय वेगळे झालेत. गोळ्याकडे मी हल्ली वळणात एकदाच नजर टाकते.

पैसे वसूल झाले ते मात्र आडव्या वाऱ्यात. जूनपासून मी रोज एकच सराव करत होते: रनवे २८ (म्हणजे नाक २८० अंशांच्या दिशेला), वारा १९० अंशांवरून १२ नॉट, म्हणजे बरोबर डाव्या बाजूने. सेसना १७२ साठी आडव्या वाऱ्याचा १५ नॉटपर्यंतचा आकडा पुस्तकात दिलेला आहे, त्यामुळे १२ म्हणजे खेळ नव्हे. नाक वाऱ्याकडे, डावीकडे रोखून विमान तिरपं खाली आणायचं. रनवे खिडकीत उजवीकडे दिसत राहतो. जमीन जवळ आली की उजवा पाय हळूहळू दाबून नाक रनवेच्या रेषेत आणायचं, आणि त्याच वेळी डावा पंख वाऱ्यात किंचित खाली धरायचा, नाहीतर वारा विमानाला उजवीकडे ढकलून रेषेबाहेर नेतो. उजवा पाय आणि डावीकडे झुकलेला हात, दोघंही एकमेकांच्या विरुद्ध. शंभरेक लँडिंगनंतर एका रात्री ते बसलं. आधी डावं चाक टेकलं, एकच ‘चर्र’ आवाज झाला. मग उजवं. मग नाकाचं. मी हेडफोन काढून बराच वेळ तशीच बसून राहिले. इतकं समाधान मला या छंदात दुसऱ्या कशाने दिलेलं नाही.

पाचव्या महिन्यात बिघाड आला. पाय स्थिर असताना रडर थरथरायला लागला, विमान सरळ उडताना नाक शहारल्यासारखं करायचं. आत पोटेन्शिओमीटर आहे, म्हणजे पेडल कुठे आहे ते घासून मोजणारा भाग, त्यावर धूळ बसली की हे होतं. विक्रेत्याने वॉरंटीत असूनही दीड महिना नुसतं “कळवतो” म्हणून टोलवलं, आणि त्याचा मला राग आहे. शेवटी पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणला, वायर काढून खालचे स्क्रू उघडले, दोन फवारे मारले आणि पेडल वीस-पंचवीस वेळा पुढेमागे केलं. थरथर गेली. पुन्हा येईल हे माहीत आहे. बजेट जास्त असेल तर हॉल सेन्सरची, म्हणजे चुंबकाने जागा मोजणारी, पेडलं बघा, त्यात घासणारा भाग नसतो.

फक्त मोठी प्रवासी विमानं ऑटोपायलटवर उडवणाऱ्यांना मी पेडलं घ्या असं सांगणार नाही. एअरबस ए-३२० वळणाचा समतोल स्वतः सांभाळते, पाय लागतात ते जमिनीवर धावताना, आडव्या वाऱ्यात आणि एक इंजिन बंद पडल्यावर. तिथे पाय आपटायची सवय घातकही आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं ए-३०० पडलं. डावा-उजवा रडर पाठोपाठ आणि पूर्ण जोराने दिला गेल्याने त्याची शेपटीच तुटली होती, २६५ माणसं गेली. त्याबद्दल वाचल्यापासून मी सरावातसुद्धा पेडल झटक्याने दाबत नाही. लहान विमानं हाताने उडवायची असतील तर मात्र महागड्या जॉयस्टिकच्या आधी पेडलं घ्या.

सध्या सिम्युलेटरमध्ये माझा मुक्काम मुंबईतल्या जुहूच्या विमानतळावर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन याच ठिकाणी उतरले. त्यांचं पुस मॉथ पुढचं चाक नसलेलं, शेपटीवर टेकणारं विमान. ते मला तिथे मिळालं नाही, म्हणून त्याच घराण्यातलं टायगर मॉथ घेतलं. याचा पंखा सेसनाच्या उलटा फिरतो, त्यामुळे टेकऑफला नाक उजवीकडे पळतं आणि नऊ महिने घोटवलेला उजवा पाय नेमका चुकीचा पडतो. काल रात्री रनवे २६ वर सात प्रयत्न केले. दोनदा सरळ उचललं, एकदा उतरतानाही सरळ राहिलं. आज डाव्या पायापासून सुरुवात.