ट्वायलाइट: बायोलॉजीच्या तासाची जादू
स्टेफनी मायर यांच्या २००५ सालच्या या कादंबरीची खरी ताकद व्हॅम्पायरच्या दातांत नाही, बायोलॉजीच्या तासात आहे. शाळेत नवी आलेली बेला शेजारी बसते, तर व्हॅम्पायर असलेला एडवर्ड खुर्चीच्या टोकाला सरकून तोंड फिरवतो. ती गुपचूप स्वतःचे केस हुंगून पाहते! सतराव्या वर्षीचा हा धसका कुणालाही ओळखीचा वाटेल. निवेदन बेलाचंच, त्यामुळे एडवर्डच्या मनात काय चाललंय ते वाचणाऱ्यालाही कळत नाही. पानं भराभर उलटतात ती त्यासाठी. एडवर्डनं रात्री न विचारता बेलाच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसणं मात्र प्रेम म्हणून खपवलंय, ते खटकतंच. मुलांशी त्यावर जरूर बोला. खलनायक फार उशिरा येतो, म्हणून शेवट घाईचा झालाय. दुसऱ्या भागात एडवर्ड बराच काळ गायब असतो, हे त्याच्यासाठी वाचणाऱ्यांनी आधीच लक्षात ठेवावं.